औका

देवगड बंदरावर, बर्फ कारखान्याच्या माडीवर
सोसायटीचं ऑफिस.
खाली लादी फोडतात, वर माझा कीबोर्ड थरथरतो.
कोयंडे सेक्रेटरी म्हणाले,
"प्रत्येक नौकेची मासळी ज्येच्या-तेच्या खणात जावंक व्हयी.
ता पायथन का काय ता शिकलंस मा गो तू?"

पहिल्या दिवशी रस्ता मी हातानेच लिहिला,
रोमन अक्षरांत:
डी, कोलन, उलटा स्लॅश, नौका.
पायथनने उलटा स्लॅश पाहिला,
त्याला लगटून आलेला एन पाहिला,
आणि दोघांची मिळून केली एक नवी ओळ.
पडद्यावर उमटलं

डी:
औका

न गिळला गेला होता.
आठवडाभर तोलाईवरची पोरं विचारत होती,
"काय गो, तुझी औका लागली काय धक्क्याक?"

मग नावं बेरजेच्या चिन्हाने जोडली.
वर्ष अधिक बंदर अधिक नौका:
२०२३देवगडजलराणी.
टोपलीतल्या कुर्ल्या जशा
एकमेकींचे पाय धरून बसतात.

तिरकी रेघ रात्री उशिरा सापडली,
सरळ तिरकी, भागाकाराची.
चौथीत कांदळगावकर बाईंनी
याच रेघेने मला भागायला शिकवलं.
इथे ती जोडते.

मूळ / वर्ष / बंदर / नौका / तारीख

पाकिटावरच्या पत्त्यासारखंच, फक्त उलटं.
आधी जिल्हा, मग तालुका, वाडी,
माणूस सगळ्यात शेवटी.
आणि यातलं काहीच अजून नसतं.
फाईल नाही, फोल्डर नाही,
नौका तर अजून वीस वाव पाण्यात.
पत्ता तेवढा तयार.

एका सोमवारी मधूने नौकेचं नाव लिहिलंच नाही.
रिकामं नाव जोडलं तर रस्ता कुरकुरत नाही,
एक पायरी गाळून पुढे चालतो.
अठ्ठावीस टोपल्या बांगडा
अख्ख्या बंदराच्या नावावर पडला.
कोयंडे म्हणाले, "बरा झाला. देवगड श्रीमंत झाला."

दुसऱ्या वर्षी, नारळी पौर्णिमा होऊन आठ दिवस झालेले.
एक नवा फोल्डर दिसला: आदिश्री.
आत काही नाही.
आदिश्री कोण?
मधू खिडकीशी गेला, बोट दाखवलं.
पिवळा रंग, नाळीवर ताजी फुलांची माळ,
रंगाखाली कुठेकुठे आमचा निळा.

मे महिन्यात बाबांनी विकली होती इंदुमती.
मालपेकरांनी मुलीचं नाव घातलं,
त्यांचा हक्कच तो.
नसेल तर बनव, असेल तर गप्प बस,
असं मीच सांगून ठेवलं होतं स्क्रिप्टला.
तिने ऐकलं.

तिकडे मागच्या सहा वर्षांच्या सहा खणांत
इंदुमती तशीच उभी,
सुरमई, सौंदाळे, एकदा नुसतं प्लास्टिक,
एका तारखेला शून्य, आणि मधूच्या अक्षरात "वारा".
रस्ता मोडला नव्हता.
ते नाव आता कुणी टाकत नव्हतं, एवढंच.

उपाय सोपा होता.
नावाऐवजी नोंदणी क्रमांक घ्यायचा.
रंग बदलो, मालक बदलो, तो बदलत नाही.
सेहेचाळीस नौका, सेहेचाळीस आकडे.
जुने खणही नव्या पत्त्यांवर हलवले.

उरलेला हिशेब घ्यायला बाबा आले होते.
खुर्चीमागे उभे राहिले, खोबरेल तेलाचा वास.
"आमची खंय?"
मी क्रमांक टाकला.
सहा वर्षं एकाखाली एक उघडली.
त्यांनी तो शून्य बोटाने दाखवला,
काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"बरा आसा. पण तिका हाक कशी मारतलंस? आकड्यान?"

ते जिना उतरून गेल्यावर
मी स्क्रिप्टच्या अगदी वर एक व्हेरिएबल केलं.
त्यात लिहिलं: इंदुमती.
ते कुठल्याच रस्त्यात जोडलं नाही.
पायथन अशांना काही म्हणत नाही, राहू देतो.

खाली लादी फुटली.
मी सेव्ह केलं.